चांदणी नावाचा डेपो

पुण्यात आल्यावर मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'अहो' म्हणालं, आणि ते गृहस्थ त्या वेळी माझ्यावर रागावलेले होते.

आमच्याकडे, विदर्भातल्या तालुक्याच्या गावात, माणूस लग्न होईपर्यंत 'अबे' असतो आणि लग्नानंतर बायकोपुरता 'अजी' होतो. मधली पायरी नाही. त्यामुळे फोनवर "अहो, जरा ऐकता का?" असं आलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं, की कुणी मोठं माणूस येऊन उभं राहिलंय का.

"तुमच्या कागदावरून असं समजलं," पलीकडचा आवाज अगदी शांत होता, "की आमच्या मालकीचा आणखी एक डेपो आहे. त्याचं नाव 'विक्री' आणि पुढे एक चांदणी. मला याची कल्पना नव्हती. कुठल्या तालुक्यात येतो हो हा?"

"साहेब, बघून सांगतो."

"बघाच. आणि तिथं बसतं कोण, त्याला पगार कोण देतं, तेही बघा. मी तरी देत नाही."

हे आमच्या कंपनीचे ग्राहक. शनिवार पेठेत त्यांचं ऑफिस आणि ठिकठिकाणच्या तालुक्यांना शेतीच्या पंपांचे डेपो. प्रत्येक डेपोत नवा कॉम्प्युटर बसला होता. संध्याकाळी तिथल्या कारकुनाने दिवसभराची विक्री एका फाइलमध्ये भरायची आणि फोनच्या तारेवरून पुण्याला आमच्या मशीनवर पाठवायची. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत VIKRI आणि पुढे डेपोचा नंबर व तारीख. सकाळी आमच्या मशीनने बघायचं, की VIKRI नावाच्या काही फाइली आल्यात का. आल्या असतील तर त्या एकत्र करून शनिवार पेठेसाठी एक कागद छापायचा, आणि संध्याकाळच्या नव्या फाइली यायच्या आत या पुसून टाकायच्या. आल्या नसतील तर गप्प बसायचं. एवढंच. हे बघण्याचं काम करणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने ओळीने पाळायच्या हुकुमांची यादी, लिहायला मला दिली होती, कारण मी सगळ्यात नवा होतो आणि कामही सगळ्यात सोपं होतं.

माझ्यासाठी ते सोपं नव्हतं, कारण माझं कायम होणं त्यावर होतं. मी अजून प्रोबेशनवर होतो. आमच्या घरात दहावीच्या पलीकडे गेलेला मी पहिला. बाबा जिनिंगमध्ये कामाला. माझी धाकटी बहीण त्याच वर्षी बारावी झाली होती आणि तिला पुण्याला शिकायला यायचं होतं. बाबांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "तू कायम झाला का तिले पाठवतो, तोवर नाही." तिकडे मावशीने एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलाचं स्वतःचं कृषी केंद्र होतं आणि त्यांना घाई होती. कॉलेजांच्या प्रवेशालाही घाई होती. सगळ्यांना घाई होती आणि सगळे माझ्या त्या पंधरा-वीस ओळींच्या स्क्रिप्टकडे बघत होते, असं मला वाटायचं. खरं म्हणजे बहिणीशिवाय कुणाला स्क्रिप्ट हा शब्दही माहीत नव्हता. तिला मी तो पत्रातून कळवला होता.

स्क्रिप्ट मी फार मनापासून लिहिली. आमच्या शाळेतल्या गुरुजींचा नियम होता, की ज्या कागदावर वर 'श्री' नाही तो कागद तपासायचा नाही. गणिताचा पेपर असो की रजेचा अर्ज, आधी श्री. त्या गुरुजींमुळे मी शिकलो, तेव्हा सवय मोडण्याचा प्रश्न नव्हता. मी स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, मशीनने वाचू नये म्हणून आधी खुणेचं चिन्ह टाकून, श्री लिहिलं. खाली बाकीचं.

माझ्यावर ज्या मॅडम होत्या त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, मॅडमनाही. त्यांनी मलाही तसं सांगितलं होतं. मला ते जमेना, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे. त्यांच्यासमोर जाऊन उभा राही आणि त्या वर बघेपर्यंत थांबे.

"हे काय आहे?" त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"श्री."

"ते दिसतंय. पहिल्या ओळीत कुठल्या शेलने ही स्क्रिप्ट चालवायची ते लिहायचं असतं. इथे पहिली ओळ देवाची नसते, शेलची असते. देवाला दुसऱ्या ओळीत बसव. तो समजून घेईल, शेल घेणार नाही."

शेल म्हणजे आमचे हुकूम वाचून मशीनकडून करवून घेणारा मध्यस्थ; मी त्याच्यासाठी देवाला खाली आणलं. मॅडमचं पुढचं वाक्य मात्र मी तेव्हा नीट ऐकलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "आणि एका फाइलवर चालवून थांबू नकोस."

मी एका फाइलवर चालवून थांबलो. चाचणीसाठी एकाच डेपोची फाइल होती. स्क्रिप्टने विचारलं, VIKRI चांदणी नावाची फाइल आहे का? चांदणी म्हणजे * हे चिन्ह; त्याचा अर्थ, पुढे काहीही चालेल. उत्तर आलं, आहे. कागद छापला. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी खडकीला खोलीवर न जाता आधी मंडईत जाऊन अर्धा डझन केळी घेतली आणि खोलीतल्या गाववाल्याला वाटली. हा गाववाला फॅक्टरीत कामाला होता. "कोनाचं लग्न जमलं?" त्याने केळं सोलत विचारलं. मी म्हणालो, "फाइल सापडली." त्याने केळं खाऊन टाकलं आणि दुसरं उचललं.

मग सगळे डेपो सुरू झाले. पहिल्याच सकाळी भरपूर फाइली आल्या आणि स्क्रिप्टने एकही कागद छापला नाही. नुसती एक तक्रार करून ती थांबली. शनिवार पेठेतून मॅडमना फोन आला. फोन ठेवून त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"ते विचारतायत, की एका डेपोत विक्री झाली तेव्हा कागद आला. सगळ्या डेपोंत झाली तेव्हा आला नाही. विक्री जास्त झाली की तुमचं यंत्र लाजतं का?"

"पण परवा चाललं होतं," मी म्हणालो.

"एकदा चाललं. एकदा तर पेपरातलं राशिभविष्यही बरोबर येतं."

त्यांनी मला समोर बसवून समजावलं. चांदणी दिसली की शेल स्वतः आत जाऊन बघतो आणि त्या नमुन्यात बसणारी जेवढी नावं असतील तेवढी सगळी त्या जागी आणून ठेवतो. मी मात्र विचारलं होतं, "ही फाइल आहे का?" एकच नाव आलं तर प्रश्नाला अर्थ राहतो. ढीगभर नावं आली की प्रश्नच मोडतो. मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं. लग्नात मंडपाच्या दाराशी एका साध्याभोळ्या माणसाला उभं करतात आणि सांगतात, मुलाकडचं कोणी आलं का बघ. एक जण आला तर तो धावत येऊन सांगतो, आले. अख्खी बस रिकामी झाली तर तो गांगरतो आणि मांडवामागे जाऊन बसतो. तसा माझा शेल मांडवामागे जाऊन बसला होता.

मी स्क्रिप्ट बदलली. आता आत आलेल्या प्रत्येकाचं नाव एकेक करून घ्यायचं आणि त्याची विक्री कागदावर उतरवायची. एक फाइल असो की पन्नास, सगळं छान चाललं. मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि एकही आली नाही तर?"

मी म्हणालो, "तर काहीच होणार नाही." मला मनापासून तसं वाटत होतं. कोणीच नाही तर काय होणार?

त्यानंतर दिवाळी नव्हती, दसरा नव्हता, साधा रविवार होता. रविवारी सगळे डेपो बंद. एकही फाइल आली नाही. आणि सोमवारी सकाळी शनिवार पेठेतल्या त्या गृहस्थांच्या टेबलावर चांदणी नावाच्या डेपोचा कागद जाऊन पडला. विक्री शून्य. माझ्या आयुष्यातलं पहिलं 'अहो' मी याच फोनवर ऐकलं.

झालं होतं असं. नमुन्यात बसणारं एकही नाव सापडलं नाही, तर आमचा शेल रिकाम्या हाताने परत येत नाही. तो आपण सांगितलेला नमुनाच, चांदणीसकट, उचलून परत आणतो. मंडपाच्या दाराशी कोणीच आलं नाही, तरी आमचा माणूस आत येऊन सांगतो, "'मुलाकडचं कोणी' आलेत." आणि मी त्यांच्यासाठी पान वाढलं होतं.

"आता कळलं?" मॅडम म्हणाल्या.

"कळलं. आलेल्या प्रत्येकाला हात लावून बघायचं, की बाबा, तू खरोखर आहेस का?"

"हं. एक, अनेक, आणि कोणीच नाही. तिन्ही बघायचं. शाळेत एकवचन, अनेकवचन शिकवतात, शून्यवचन शिकवत नाहीत, म्हणून हे सगळे घोटाळे." मग त्या थांबून म्हणाल्या, "तुझ्या कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आलाय. आता त्यांची आणखी एक तक्रार आली तर मी त्यावर सही कुठल्या तोंडाने करू, ते तूच सांग."

मी परत स्क्रीनसमोर जाऊन बसलो. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक नावाला हात लावून बघणारी ओळ घातली, मग तिन्ही गोष्टी करून पाहिल्या. पुढचा रविवार शांततेत गेला. सोमवारी कागद छापला गेला नाही, चांदणीचा डेपो बंद पडला. बहिणीला मी पत्र टाकलं, की मावशीला म्हणावं जरा दम धर.

पत्र गावी पोचलं असेल-नसेल, तोच तक्रार आली.

देशावरचा एक डेपो कागदावर दिसेनासा झाला होता. खरं म्हणजे तो कधी दिसलाच नव्हता. तिथला कॉम्प्युटर उशिरा बसला, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तिथे फोन लावला. फोनवर एक म्हातारे कारकून आले.

"काका, तुमची फाइल येत नाही."

"येत न्हाई? आवं, रोज पाठवतोय की! सांच्याला दिवा लावतो, हात जोडतो आन पाठवतो. मशीन कुरकुर करतंय, मग गप हुतंय. गेली म्हंजी गेली."

"इथे मिळत नाही हो."

"मंग तुमी बघा तिकडं. म्या थोरल्या मालकांपासनं हाय हितं. आजवर एक कागद चुकला न्हाई, आन आता काय मशीन आलं म्हून चुकंल?"

मी मशीनवर बसून विचारलं, VIKRI चांदणी, दाखव. सगळे डेपो दिसले, काकांचा नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मनातल्या मनात मी काकांना खोटं ठरवून टाकलं. मला ते आवडत नव्हतं, ते माझ्या आजोबांसारखे बोलत होते. पण कुणीतरी खोटं असणारच होतं, आणि तो मी नसावा अशी माझी फार इच्छा होती.

शनिवार पेठेतून निरोप आला, "एक तर आमचा माणूस खोटं बोलतोय, नाही तर तुमचं यंत्र. आमचा माणूस वडिलांनी ठेवलेला आहे. तुमचं यंत्र तुम्ही परवा ठेवलंत. शनिवारी दोघं जण या आणि काय ते सांगा." आमच्या ऑफिसात कायम करण्याचे कागद सोमवारी सकाळी वर जात आणि त्याच दिवशी हातात पडत. मॅडम म्हणाल्या, "शनिवारी कळेल." एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा VIKRI चांदणी टाइप करत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"किती वेळा हेच विचारणार आहेस?"

"येईल म्हणून बघतोय."

"अरे, स्क्रिप्ट जे विचारते तेच तूही विचारतोयस. मग उत्तर वेगळं कसं येईल? नमुना काढून टाक. जे काय आलंय ते सगळं दाखव म्हण."

मी नमुना काढला आणि सगळं मागितलं. यादी आली. VIKRI, VIKRI, VIKRI, डेपोमागून डेपो. आणि त्या सगळ्यांच्या वर, इंग्रजी वर्णमालेत S हा V च्या आधी येत असल्यामुळे अगदी जागच्या जागी, ओळीने बसलेल्या काकांच्या फाइली. रोजची एक. नावं होती SHRI_VIKRI आणि पुढे नंबर व तारीख.

काकांनी कागदाच्या वर श्री लिहिलं होतं. कागद नव्हता, म्हणून नावाच्या वर लिहिलं. नावाला वर नसतं, म्हणून आधी लिहिलं. आणि मी दारावर सांगून ठेवलं होतं, की ज्याचं नाव VIKRI ने सुरू होतं त्यालाच आत घ्यायचं.

मला आधी हसू आलं, मग घाम आला. साऱ्या पुण्यात ही गोष्ट एखाद्याला सुचायला हवी होती, तर ती मला. माझ्या स्वतःच्या स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत श्री बसलेले होते.

मॅडमनी यादीकडे पाहिलं. "तुम्ही सगळे एका शाळेत होता का रे?" त्या म्हणाल्या.

शनिवारी आम्ही त्यांच्या ऑफिसात गेलो. मालकांना मी पहिल्यांदा पाहत होतो. बारीक, पांढरा शर्ट, समोर टेबलावर फक्त एक फोन आणि एक पेन. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो. त्यांनी बसा म्हणायच्या आधीच विचारलं, "मग? कोण खोटं बोललं?"

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. म्हणजे मीच बोलायचं होतं.

"कोणीच नाही साहेब. फाइल रोज आली. पण आमच्या स्क्रिप्टला मी सांगितलं होतं, की ज्याच्या नावाची सुरुवात 'विक्री'ने आहे तेवढंच घ्यायचं. तुमच्या काकांनी आधी श्री लिहिलं."

"बरं. मग?"

"मग ते दाराशीच थांबले."

"कोण?"

माझा नाइलाज झाला. "श्री," मी म्हणालो.

मालकांनी चष्मा काढला. मॅडमना खोकला आला आणि बराच वेळ आवरेना.

"म्हणजे इतके दिवस," मालक सावकाश म्हणाले, "तुमच्या यंत्राने श्रींना बाहेर उभं केलं."

"हो साहेब."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग फोन उचलून काकांचा डेपो लावून घेतला. "काका, मी बोलतोय. तुमच्या फाइली इथे आहेत, सगळ्या आहेत. हो. नाही, तुमचं काही चुकलं नाही. वडिलांचा नियम तुम्ही पाळलात." फोन ठेवून ते आमच्याकडे वळले.

"आमच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, की श्री नसलेला कागद या ऑफिसात वाचायचा नाही. आता मला एक सांगा. बाकीच्या डेपोंच्या फाइलींवर श्री का नाही?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सगळा वेळ आम्ही एका डेपोचा गुन्हा शोधत होतो, आणि गुन्हेगार बाकीचे सगळे निघाले.

"सोमवारपासून सगळ्यांनी लिहायचं," मालक म्हणाले. "तुमच्या यंत्राला चालेल का?"

"सगळ्यांनी एकाच दिवशी बदललं तर..." मॅडम सुरुवात करत होत्या.

"मी यांना विचारतोय. काय हो, जमेल?"

"जमेल. कुणी लिहायचं विसरलं तरी चालेल. VIKRI च्या आधीही एक चांदणी लावली की झालं. मग आधी काहीही असलं तरी ते आत येईल."

"चांदणी? तीच का, डेपोवाली?"

"तीच."

"लावा. पण तिच्या नावावर परत विक्री दाखवू नका."

बाहेर आल्यावर मॅडम मोपेडला किल्ली लावत म्हणाल्या, "पुढेमागे चांदण्या लावून मोकळा झालास. नको ते काही आत आलं म्हणजे?"

"काल संध्याकाळी बघितलं मी. एक फाइल, भरपूर फाइली, एकही नाही. श्री असलेल्या, नसलेल्या, दोन्ही मिसळून. आणि काकांच्या साठलेल्या जुन्या फाइली नव्या कागदात मिसळू नयेत म्हणून त्या दुसरीकडे हलवल्या."

"मी सांगितलं होतं का?"

"नाही."

"हं." त्यांनी मोपेड सुरू केली. "सोमवारी सकाळी ये. सही करून ठेवते. आणि आता तरी मला काहीतरी म्हण रे. नुसता समोर येऊन उभा राहतोस, मला वाटतं वीज गेली."

"हो, मॅडम," मी म्हणालो.

"हे नव्हे. पण असू दे."

सोमवारी कागद हातात पडल्यावर मी खडकी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, तिथे फोन करायचा, दुकानदार आमच्या घराकडे तोंड करून हाक मारायचा आणि जो मोकळा असेल तो धावत यायचा. मी फोन लावला. दुकानदाराने नेहमीसारखी हाक मारली, "अवो, हाय का कोनी घरी? पुन्याचा फोन हाय!"

मी वाट बघत राहिलो. बूथवरच्या मीटरचे आकडे पळत होते. पुन्हा हाक ऐकू आली. मग फोनवर दुकानदार स्वतःच आले.

"घरी कोनीच नाही रे बाप्पा. सारे मावशीकडं गेले. मी आहो ना. सांग काय सांगाचं हाय ते."

मला बूथमध्ये एकट्याला हसू फुटलं. कोणीच सापडलं नाही, तेव्हा हाक मारणाराच परत आला होता. अगदी माझ्या शेलसारखा. आणि सारे मावशीकडं कशाला गेले होते, ते आठवलं तसं हसू थांबलं.

"काका, लवकर निरोप पाठवा. म्हणा, मी कायम झालो. बाबांना म्हणा, बोलल्याप्रमाणे तिला पाठवा. मावशीकडे काही ठरायच्या आत."

"थांब, पोऱ्याले धाडतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधीच गिऱ्हाइकांना सांगू लागलेले मी ऐकले, "आपला पोरगा कायम झाला बरं का पुन्याले!"

निरोप पोचेपर्यंत वाटेतल्या सगळ्या गावाला तो पोचला होता. आईला सगळ्यात शेवटी कळलं. बाबांनी तिथे मावशीच्या घरी, कृषी केंद्रवाल्यांच्या समोर, आपलं एक वाक्य पुन्हा उच्चारलं, आणि पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला, असं बहिणीने नंतर सांगितलं. तिनं तो पिऊन टाकला.

आठवड्याभरात ती शिवाजीनगरला एसटीतून उतरली. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात दुकानदाराने पाठवलेली चिवड्याची पिशवी. बसमधून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "तुझं काम असते तरी काय रे नेमकं? बाबांले काही सांगता येत नाही. ते साऱ्यांले म्हणतात, 'मशीनवर असतो.'"

मी पेटी उचलली आणि जरा विचार करून खरं ते सांगितलं. "रोज सकाळी बघायचं, की कोणी आलंय का."

"कोण?"

"कोणीही. एक जण असू दे, खूप जण असू दे, कोणीच नसू दे. पण जो आलाय त्याला बाहेर उभं ठेवायचं नाही."

ती दहा पावलं माझ्यासोबत चालली.

"त्याच्यासाठी एवढं शिका लागते?" ती म्हणाली. "हे तं आई रोज दारात उभी राहून करते."